जुनी धान्ये, नवी पाकिटे

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास देगलूरकडील एक दांपत्य आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले होते. मुलगी वयाच्या मानाने खुजी, पोट पुढे आलेले, हातापायांच्या काड्या झालेल्या आणि डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक. दोन वर्षांपूर्वीच तिला सिलिअॅक विकार असल्याचे निदान झाले होते आणि गहू कायमचा बंद करण्यास सांगितले होते. सुरुवातीचे वर्षभर मुलगी चांगली सुधारली. नंतर पुन्हा जुलाब सुरू झाले आणि वजन घटले.

“साहेब, गहू तर कवाच बंद केलाय. आता निस्ती खपली चालू हाय,” असे म्हणून आईने पिशवीतून एक रंगीत पाकीट काढून टेबलावर ठेवले. प्राचीन गहू, पचायला हलका, असे काहीसे त्यावर छापलेले होते. यात ‘ते ग्लुटेन’ नसते, असे त्यांना दुकानात सांगण्यात आले होते. साध्या गव्हापेक्षा कितीतरी महाग असलेले ते पीठ हे कुटुंब पोटाला चिमटा काढून केवळ मुलीसाठी आणत होते. मुलीचे आतडे मात्र त्याच पिठाने रोज सोलून निघत होते.

खपली हा गहूच आहे. या सदराच्या वाचकांनी आजच्या लेखातील एवढे एकच वाक्य लक्षात ठेवले तरी लेख कारणी लागला असे मी समजेन. तथापि खपलीविषयी, राळ्याविषयी, ज्वारी-बाजरीविषयी अलीकडे इतके प्रश्न विचारले जातात, की आज जरा सविस्तर लिहितो.

आधी खपलीचे कुळ पाहू. गव्हाचे मुख्यतः तीन घराणे. पहिले एकदाणी गव्हाचे, ज्याच्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात. तो आपल्याकडे पिकत नाही. दुसरे २८ गुणसूत्रांचे. त्यात खपली येतो आणि आपल्या ओळखीचा, रव्या-शेवयांचा बन्शी गहूही येतो. तिसरे ४२ गुणसूत्रांचे, म्हणजे आपल्या रोजच्या पोळीचा गहू. परदेशात ‘स्पेल्ट’ नावाचा जो जुना गहू मिळतो व जो आता आपल्याकडेही पाकिटातून येऊ लागला आहे, तो या तिसऱ्या घराण्यातला. दक्षिण जर्मनी व स्वित्झर्लंडमध्ये तो पूर्वीपासून खातात. आपल्याकडे त्याची शेती नाही. परदेशी पाककृतीत स्पेल्ट लिहिलेला असेल तर आपल्या भगिनींनी खपली वापरावा. घराणे वेगळे असले तरी स्वयंपाकात तो त्याच्या सर्वांत जवळचा.

स्पेल्ट आणि खपली या दोघांत एक खोड सारखी आहे. मळणी केली तरी दाण्यावरचे टरफल सुटत नाही. ही खपल्यासारखी चिकटलेली टरफले काढण्यासाठी दाणे उखळात कांडावे लागतात. खपली हे नाव त्यावरूनच पडले. हे कांडपाचे कष्ट आणि बेताचे उत्पन्न यामुळे शेतकऱ्यांनी तो हळूहळू सोडला. बेळगाव, धारवाड, विजापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात तो टिकून राहिला. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने डीडीके १०२५, डीडीके १०२९ असे त्याचे बुटके वाण काढले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस २९७१ दिला. गंमत अशी, की तांबेरा रोगाला दाद न देणारा गहू म्हणून अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आपला हा गहू नेला आणि त्यांच्या कागदपत्रांतही त्याचे नाव ‘खपली’ असेच राहिले. आपण विसरलो तेव्हा ते सांभाळत होते!

आता आरोग्याचे. खपलीत ग्लुटेन असते. ते चिवट नसते, म्हणून कणीक ताणली जात नाही, एवढाच फरक. ज्याला सिलिअॅक विकार आहे त्याच्या शरीराला हा फरक कळत नाही. ग्लुटेन पोटात गेले की शरीराची संरक्षणव्यवस्था आतड्याच्या आतील मखमली लव झिजवून टाकते. लव झिजली की लोह, चुना, जीवनसत्त्वे, काहीच नीट शोषले जात नाही. म्हणूनच या मुलांना जुलाबाइतकाच रक्तक्षयाचा त्रास असतो. पुष्कळदा तर जुलाब नसतातच, केवळ उंची वाढत नाही आणि लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त वाढत नाही. असे मूल घरात असेल तर ‘टीटीजी’ नावाची रक्ताची तपासणी करून घ्यावी. मात्र तपासणीपूर्वी आपल्या मनाने गहू बंद करू नये. गहू बंद केल्यावर तपासणी खोटीच चांगली येऊ शकते आणि निदान वर्षानुवर्षे हुलकावणी देते.

या मुलीच्या आईवडिलांना खपली बंद करण्यास सांगितले, तेव्हा पुढचा प्रश्न स्वाभाविक होता. मग पोरीने खायचे काय? मी म्हणालो, तुमच्या आजीने जे खाल्ले ते. ज्वारी, बाजरी, राळे, भगर, राजगिरा, नाचणी, मका, तांदूळ, सगळ्या डाळी. यांपैकी एकातही ग्लुटेन नाही. पुण्या-मुंबईच्या दुकानांत ग्लुटेनविरहित म्हणून जी महागडी पिठे मिळतात, त्यांच्यापेक्षा आपल्या टाळकी ज्वारीची भाकरी कोणत्याही बाबतीत उणी नाही.

पण घरात ज्वारी आहे म्हणजे काम झाले, असेही नाही. इथे आपल्या गावाकडच्या काही गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत. गिरणीत आपल्या आधी गव्हाचे दळण झालेले असते. जात्याच्या पाळीत अडकलेले गव्हाचे पीठ आपल्या ज्वारीत उतरते. गिरणीवाल्याला सांगून आधी किलोभर ज्वारी दळून ती बाजूला काढली तर भेसळ कमी होते, संपत नाही. या रुग्णांसाठी घरघंटी किंवा माळ्यावर टाकलेले जुने दगडी जाते हाच खरा उपाय. त्या मुलीच्या घरी आजीचे जाते गोठ्यात पडलेले होते. ते धुऊन, टाकी लावून पुन्हा मांडले. परात, पोळपाट आणि तवा वेगळा ठेवावा. सातूचे पीठ देऊ नये, कारण त्यात गहू किंवा जव असतो. आणि हिंग! बाजारात डबीत मिळणाऱ्या बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. वरणाच्या फोडणीतून रोज चिमूटभर गहू पोटात जातो आणि कोणाला शंकाही येत नाही. डबीवरील घटक वाचावेत, नाहीतर हिंग सोडून द्यावा. लसूण-जिऱ्याच्या फोडणीने काही बिघडत नाही.

सिलिअॅक विकाराचे रुग्ण थोडे. मधुमेहाचे मात्र घराघरात आहेत आणि खपलीची पाकिटे खपतात ती मुख्यतः त्यांच्यामुळे. लातूरचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे येतात. त्यांनी खपली सुरू केल्यापासून दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे तीन पोळ्यांच्या पाच केल्या, कारण ‘यात साखर नसते’. दुसरी, संध्याकाळची गोळी बंद केली. उपाशीपोटीची साखर १३० वरून १९० वर गेली तेव्हा ते खपलीवरच रागावले!

खपलीचा दाणा टणक, पीठ रवाळ, प्रथिने आणि तंतुमय भाग थोडा जास्त. त्यामुळे जेवणानंतरची साखर जरा सावकाश चढते, असे काही लहान पाहण्यांत दिसले आहे. एवढेच. पिठूळ भाग त्यातही आहेच. शंभर ग्रॅम पीठ गव्हाचे असो, ज्वारीचे असो की बाजरीचे, त्यातून साधारण ३२० ते ३५० उष्मांक मिळतात. आणि एका पोळीला पंचवीस-तीस ग्रॅम पीठ लागते, तर आपल्याकडच्या ताटभर भाकरीला सहज सत्तर-ऐंशी ग्रॅम. ‘मी पोळी सोडली, दोनच भाकरी खातो’ म्हणणारा रुग्ण पाच पोळ्यांचे पीठ खात असतो. घरी साखर तपासण्याचे यंत्र असल्यास एक साधा प्रयोग करावा. एके दिवशी पोळी, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वजनाच्या पिठाची भाकरी, भाजी-वरण तेच. आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर पाहावी. आपल्या शरीराला काय मानवते ते पाकिटापेक्षा खरे कळेल. गोळ्या किंवा इन्सुलिन मात्र तपासणी व सल्ल्याशिवाय कमी करू नये.

ज्वारीविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण ती आपली आहे आणि आपणच तिला घराबाहेर काढले. नांदेड-लातूरच्या काळ्या जमिनीत एके काळी खरिपातही ज्वारी डोलत असे. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला आणि पुढे ‘हायब्रीड’ हा शब्दच आपल्याकडे ज्वारीचे एक नाव होऊन बसला. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो आली. ती खाल्लेली माणसे आजही तोंड वाकडे करतात. हायब्रीडचे कणीस नेमके परतीच्या पावसात सापडून काळे पडे, भाव मिळेना. मग १९९० नंतर सोयाबीन पसरले. रेशनवर गहू-तांदूळ, जानेवारी २०२३ पासून तर मोफत. भाकरी थापण्याचे कष्ट आणि विकतच्या ज्वारीचा भाव पाहता सुनांनी पोळीची वाट धरली, यात त्यांचा दोष काय?

मात्र ज्वारीचे गोडवे गाताना एक जुनी गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपण हैदराबाद संस्थानात होतो त्या काळापासून दख्खनच्या पठारावर, केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा हा रोग दिसत असे. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर, मानेभोवती, हातांवर काळसर चट्टे, तोंड येणे, जुलाब आणि पुढे बुद्धिभ्रम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतील ल्यूसिन या घटकाच्या आधिक्याकडे बोट दाखवले. त्या कारणावर पुढे वादही झाले, पण एक गोष्ट निर्विवाद आहे. नुसती भाकरी आणि मिरचीचा ठेचा हे जेवण नव्हे. ज्वारीत लायसिन कमी असते, ते तूर-मूग-हरभऱ्यात भरपूर असते. भाकरीबरोबर वाटीभर घट्ट वरण, ताकाचा पेला आणि एखादी पालेभाजी असली की ज्वारीसारखे अन्न नाही. तुरीचा जिल्हा म्हणून लातूरची ख्याती. तिथल्या माणसाला वरणाचे महत्त्व मी काय सांगावे!

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम पॉलिश तांदळात लोह एक मिलिग्रॅमही नसते, गहू व ज्वारीत सुमारे ४, बाजरीत ६ च्या वर आणि राजगिऱ्यात ८. नाचणीत कॅल्शियम ३६० मिलिग्रॅमच्या आसपास असते, गव्हात अवघे ३९. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला, हे लक्षात घेता बाजरीला स्वयंपाकघरात जागा हवीच. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हा लोह व जस्त अधिक असलेला ज्वारीचा वाण दिला आहे. बियाणे घेताना शेतकरी बांधवांनी घरच्या खाण्यापुरता त्याचा विचार करावा. परंतु धान्यातले सगळे लोह अंगी लागत नाही. कोंड्यातील फायटेट त्याला धरून ठेवते. पीठ आंबवले, धान्याला मोड आणले की ही पकड ढिली होते. जेवणात लिंबू पिळले तरी लोह अधिक शोषले जाते. आणि जेवणावर लगेच चहा घेतला की सगळे पाण्यात. गलगंड किंवा थायरॉईडचा त्रास असलेल्यांनी बाजरी तिन्ही त्रिकाळ खाऊ नये, आलटून पालटून खावी. मीठ आयोडीनचेच वापरावे.

आता स्वयंपाकघरात शिरू. भाकरी थापताना तुटते ही नव्या मुलींची मुख्य तक्रार. ज्वारीत ग्लुटेन नाही, तेव्हा पिठाला धरून ठेवणारे काही नसते. ताज्या पिठात थोडा चिकटपणा असतो, शिळे झाले की विरी जाते. म्हणून आठवड्याला पुरेल एवढेच दळून आणावे. बाजरीचे तर चार-पाच दिवसांचेच, कारण तिच्यात तेलाचा अंश जास्त आणि पीठ लवकर कडवट होते. विरी गेलेल्या पिठात उकळते पाणी घालून, पाच मिनिटे झाकून, मग तळहाताच्या टाचेने भरपूर मळावे. गरम पाण्याने पिठातील पिष्ट फुगते आणि तेच ग्लुटेनचे काम करते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवावा आणि पाणी पूर्ण सुकण्याआधी उलटावी. सुकू दिले तर चिरा पडतात.

खपलीची पोळी करायचीच असेल तर कणीक सैलसर भिजवून अर्धा तास झाकून ठेवावी. फार मळू नये, फार पातळ लाटू नये. पण मला विचाराल तर हा गहू पोळीचा नव्हे, खिरीचा. उदगीर, निलंगा, देगलूर या कर्नाटक सीमेकडच्या भागात जिला हुग्गी म्हणतात, ती खपलीचीच उत्तम होते. सडलेला गहू रात्रभर भिजवावा, एका वाटीला चार वाट्या पाणी घालून कुकरमध्ये दाणा फुटेपर्यंत शिजवावा, मग गूळ, खोबरे, खसखस, जायफळ. दूध घालायचे असल्यास खीर विस्तवावरून उतरवून, जरा निवल्यावर घालावे, नाहीतर गुळाने फाटते. मधुमेहींनी गूळ न घालता हेच शिजवलेले दाणे मीठ, ताक आणि जिरे-कढीपत्त्याच्या फोडणीत खावेत. वाटीभर पुरतात आणि भूक लवकर लागत नाही.

राळे भोगीच्या दिवशी आठवतात, एरवी नाहीत. एक वाटी राळे तीन-चार पाण्यांनी धुवावेत, अर्धा तास भिजवावेत आणि अडीच वाट्या पाण्यात मंद आचेवर शिजवावेत. मुगाची डाळ घातली की खिचडी होते. भगर उपवासाला सर्रास चालते, पण दर नवरात्रात, दर एकादशीला भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. भगर ओलावा धरते आणि तिच्यावर बुरशी वाढते. सुटे पीठ विकत आणू नये. पाकीटबंद भगर घेऊन, निवडून, धुऊन, उन्हात वाळवून लागेल तेवढीच घरी दळावी, आणि शिजवलेली भगर दुसऱ्या दिवशी खाऊ नये.

आणि आंबील. दोन मोठे चमचे ज्वारीचे पीठ ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवावे, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून सतत ढवळत शिजवावे, मीठ, ठेचलेला लसूण आणि जिरे घालून गार करावे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात शेतावर जाणाऱ्याला बाटलीतल्या रंगीत पाण्यापेक्षा ही शतपटीने बरी. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात कोपीपुढे जे ताट मांडले जाते त्यात आंबील असते, बाजरीचे उंडे असतात, आणि तुरी-हरभऱ्याचे ओले दाणे, शेंगदाणे, पालेभाज्या व बेसन घालून केलेली भज्जी असते. आहारशास्त्राच्या पुस्तकात धान्य, डाळ, भाजी आणि आंबवलेले पदार्थ यांचा मेळ कसा घालावा यावर पानेच्या पाने लिहिलेली असतात. आपल्या बायका तो मेळ वर्षातून एकदा डोक्यावर हारा घेऊन बांधावरून चालत नेतात आणि उरलेले दिवस पाव-बिस्किटे आणतात.

देगलूरची ती मुलगी येळवशीनंतर तपासणीला आली. चार महिन्यांत वजन दोन किलोने वाढले होते, जुलाब थांबले होते, पापण्यांना रंग आला होता. मी सणाची चौकशी केली. उंडे खाल्ले, भज्जी खाल्ली, फोडणीत हिंग नव्हता, असे आईने सांगितले. खीर मात्र सगळ्यांची गव्हाचीच होती. “मग हिने काय खाल्लं?” मी विचारले.

“हिच्यापुरती राळ्याची केली होती साहेब,” आई म्हणाली, “पण तीच आधी संपली. पोरं हिच्याच वाटीवर पडली.”